बास घेऊन बोरीपर्यंत

एस.टी.च्या दारातून बास गिटार उभी आत जात नाही आणि आडवीही जात नाही. झोपलेल्या मुलासारखी तिला खांद्यावर टाकायची, तिची मान आपल्या कानाशी घ्यायची आणि मग एकेक पायरी चढायची. हे मला परभणी जिल्ह्यात शिकायला मिळालं. तोवर माझ्या बासचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पुण्यातलं माझं घर ते मैत्रिणीची गच्चीवरची खोली, तोही रिक्षाने.

ज्यांनी बास पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही गिटारची थोरली बहीण. तारा चारच, पण जाड, आणि आवाज खर्जातला. गाण्यात ती वाजत असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, थांबली की मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. आम्ही चौघी मैत्रिणी नोकऱ्या सांभाळून गाणी बसवतो, त्यात बास माझ्याकडे. माझ्याकडे खरं तर दोन आहेत. चांगली घरी राहते. दुसरी जुन्या सामानाच्या दुकानातून स्वस्तात उचललेली, आखूड मानेची, प्लायवूडची, कडांचा रंग उडालेली. ती कुठे आपटली तर जीव कळवळत नाही, म्हणून प्रवासाला तीच.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी गणिताची शिबिरं घेणं हे माझं काम. या हिवाळ्यात गंगाखेड, पालम आणि बोरी अशी तीन शिबिरं ओळीनं लागली आणि परतल्यावर लगेच आमचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. एक गाणं तर मला अजून जमतच नव्हतं. त्यामुळे कपड्यांची बॅग लहान केली आणि गिटार पाठीला लावली.

गंगाखेड

गावात शिरतानाच उसाचा वास येतो. गाळपाचे दिवस होते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून लोंबणारा ऊस, आणि प्रत्येक वळणावर त्यांना वाट देत खोळंबलेले लोक. कुणी चिडत नव्हतं. पुण्यात एवढ्या वेळात चार भांडणं झाली असती.

सकाळी लॉजखालच्या हॉटेलात पोऱ्या नव्हता, मालकच विचारायला आला.

"सुशीला देऊ का म्याडम?"

मला वाटलं, कुणी बाई वाढायला असतील. "त्यांना कशाला त्रास? तुम्हीच द्या ना काहीतरी," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग आत जाऊन एक बशी घेऊन आला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर डाळवं, कोथिंबीर आणि लिंबू. "ही सुशीला," तो म्हणाला. आमच्या पोह्यांपेक्षा हलकी आणि दुप्पट तिखट. नंतर रोज सकाळी मी तिच्याच नावानं हाक मारली.

सराव मी लॉजच्या गॅलरीत करायची. माझ्याकडे काड्यापेटीहून थोडी मोठी एक डबी होती. ती गिटारला खोचायची, तिला इअरफोन लावायचे, की आवाज फक्त आपल्या कानात. दुसऱ्या संध्याकाळी लॉजचे व्यवस्थापक, पांढरे केस, गळ्यात मफलर, खुर्ची ओढून समोर बसले. मी वाजवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी खूण केली, म्हणून मी इअरफोन काढले.

"तासभर हात हालवायलाव तुमी. आवाज कुठाय?"

मी एक इअरफोन त्यांना दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि परत केला.

"लय जाड हाय," ते म्हणाले. "पण चांगलं हाय. दोन तारा बसवून घ्या की."

त्या दोन तारा मुळातच नसतात हे मी पुढच्या आठवडाभरात इतक्यांना सांगितलं, की शेवटी "घेते बसवून" म्हणणं सोपं झालं.

पालम

गंगाखेडहून पालमला जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत हरभरा, मधेच ज्वारीचे पट्टे. गाडी भरलेली. मी गिटार वरच्या फळीवर ठेवली. कंडक्टर म्हणाले, "ह्याचं तिकीट न्हाई, पण ते माणसावर पडलं न्हाई पायजे."

ते माणसावर पडलं नाही. त्याच्यावर तुरीचं पोतं पडलं. एका थांब्यावर चढलेल्या काकांनी ते तिथंच सरकवलं होतं, आणि खड्ड्यात गाडी आदळली तसं पोत्यानं सगळा भार गिटारच्या बाहेरच्या खिशावर टाकला. उतरून बघते तर गिटारला फक्त एक नवा ओरखडा. खिशातल्या डबीचे मात्र तुकडे झालेले. ज्यांचं पोतं होतं ते काका माझ्यापेक्षा जास्त कासावीस झाले. त्यांनी पोत्याचं तोंड सोडून मला ओंजळभर तूर देऊ केली. मी नको म्हणाले, तर ओढणीच्या टोकात बांधूनच दिली.

बास डबीशिवाय वाजते, पण डास गुणगुणावा एवढीच. पालमचे तीन दिवस मी कान लाकडाला लावून सराव केला. मान अवघडली. शिबिर मात्र छान झालं. अपूर्णांक शिकवायला तिथल्या एका बाईंनी भाकरीचे तुकडे आणले होते आणि तास संपल्यावर आम्ही सगळे अपूर्णांक ठेच्याबरोबर खाल्ले.

बोरी

बोरी मोठं गाव, पण राहायला लॉज नाही. शाळेनं माझी सोय कांताबाईंकडे केली होती. कांताबाई निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमान दादाराव निवृत्त पोस्टमन. मुलं नोकरीला बाहेरगावी. बौद्ध वस्तीत विहारापासून जवळच त्यांचं घर, स्वच्छ सारवलेलं अंगण, दाराशी पेरूचं झाड.

"जयभीम," कांताबाईंनी दारातच म्हटलं, आणि मी दचकले. बारीक अंगाच्या, नाजूक चेहऱ्याच्या त्या बाईंचा आवाज जाडसर, खोल, पुरुषासारखा होता. त्यांना माझं दचकणं सवयीचं असावं. "या आत," त्या हसून म्हणाल्या. "सामान लय दिसायलंय."

संध्याकाळी दादाराव बाहेर गेले होते, कांताबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी मधल्या खोलीत सरावाला बसले. तिथे भिंतीला एक जुनं लाकडी कपाट होतं. सहज गिटारचं डोकं त्याच्या दाराला टेकवलं आणि जाड तार छेडली, तर सगळं कपाटच बोलायला लागलं. आतल्या कपबश्या किणकिणल्या. मला इतका आनंद झाला, की मी तीच एक तार पुन्हा पुन्हा वाजवत राहिले.

आणि मग स्वयंपाकघरातून दुसरा आवाज आला. भाकरी थापण्याच्या ठेक्यावर कांताबाई गुणगुणत होत्या. माझ्या तारेला बरोब्बर चिकटून, इतक्या सुरात, की मी सराव सोडून त्यांच्यासाठीच वाजवायला लागले. बाहेर सायकलची घंटी वाजली. गुणगुणणं तिथल्या तिथं थांबलं.

दादाराव आत आले. जेवताना ते माझ्याशी पावसाबद्दल बोलले, कांताबाई कापसाबद्दल बोलल्या. गाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. माळ्यावर मात्र चादरीत गुंडाळलेली एक पेटी होती, आणि चादरीतून भाता डोकावत होता.

सकाळी अंगणात चहा घेताना कांताबाईंनीच विषय काढला.

"काल तुमी जी तार वाजवत होता, ती पांढरी तीन."

मी मनात मोजलं. पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी. बरोबर होतं.

"मी काळी चारमध्ये गायचे," त्या म्हणाल्या. "आमची गायन पार्टी होती. भीमगीतं, लग्नातली गाणी, सगळं. हे पेटीवर, मी पुढं. हे सायकलवर टपाल वाटताना गाणी रचायचे आन् संध्याकाळी मला शिकवायचे. मग गळ्यातल्या गाठीचं आपरेशन झालं नांदेडला. गाठ गेली, जीव वाचला. आवाज आला तो असा आला. वरचं सगळं गेलं."

"पण खालचं किती छान आहे," मी म्हणाले.

"खालचं कोण ऐकतंय, बाई? दवाखान्यातून आल्यावर मी एकदा गाऊन बघितलं. वरचा सूर लागला न्हाई. हे उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर. त्यांना माझा हा आवाज सोसत न्हाई. मग मी त्यांच्यापुढं गातच न्हाई."

त्यांनी कप उचलले आणि विषय संपवला.

हुरडा

तो रविवार होता, शिबिराला सुट्टी. दादाराव म्हणाले, "चला, पुतण्याच्या रानात हुरडा खाऊ." कांताबाई आल्या नाहीत, त्या दिवशी विहारातल्या महिला मंडळाच्या बायका त्यांच्याकडे येणार होत्या.

रानात शेणकुटांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजली जात होती. दादाराव ती गरम कणसं तळहातावर चोळत, फुंकर घालून भूस उडवत आणि हिरवे, मऊ दाणे माझ्या पुढ्यात टाकत. सोबत खोबरं-लसणाची चटणी आणि गूळ. मी पुण्याजवळ पैसे मोजून हुरडा खाल्ला आहे; तिथे उंटावरची फेरीही असते. इथे दादाराव होते आणि बाकी वारा.

"काल तुमची तार वाजायली होती," ते अचानक म्हणाले. "ती गात होती."

"तुम्ही ऐकलंत?"

"सायकल पेरूला टेकवून हुबा होतो. लय वेळ. मग वाटलं, आपल्याच घरात चोरून ऐकायलोय. म्हणून घंटी वाजवली."

"मग आत जाऊन सांगायचं ना त्यांना, छान वाटलं म्हणून."

ते नवीन कणीस चोळायला लागले. "आपरेशननंतर ती एकदा गायली. मधीच थांबली. तिचं तोंड बघवंना मला. मी बाहेर गेलो, तिच्यापुढं डोळ्यांत पाणी नको म्हणून. पेटी दिसली की तिला आठवंल, म्हणून वर ठेवली. तवापासून ती गातच न्हाई. मी इचारलं आन् ती रडली तर? म्हणून इचारीत न्हाई." मग म्हणाले, "हे तुमी तिला सांगू नका."

परतताना मी त्यांच्यामागे बांधावरून चालत होते आणि मला फार चमत्कारिक वाटत होतं. एकाच घरातल्या दोन माणसांनी एकाच गोष्टीची दोन टोकं मला दिली होती. सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. पण त्यांनी नको म्हटलं होतं आणि मी चार दिवसांची पाहुणी होते.

घरी आलो तर कांताबाई अंगणात एकट्याच तांदूळ निवडत होत्या. दादाराव सायकल घेऊन दुकानाकडे गेल्यावर त्या म्हणाल्या, "बायका आल्या होत्या. परवा पौर्णिमा हाय. वंदना झाल्यावर विहारात गाणी असतात. मागच्या वर्षीपासून मला म्हणायल्यात, एकतरी गा. मी न्हाई म्हणते."

"या वेळी काय म्हणालात?"

"काहीच म्हणाले न्हाई." त्यांनी सुपातला खडा काढून टाकला. "ती तार तुमी तिथं वाजवाल का?"

सांगायचं नव्हतं ते मी सांगितलं नाही, पण हो मात्र लगेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी शिबिर सुटल्यावर आम्ही शाळेच्या रिकाम्या वर्गात बसलो. गिटारचं डोकं शिक्षकांच्या टेबलाला टेकवलं. त्यांनी दादारावांनीच रचलेलं गाणं निवडलं होतं, वस्तीनं स्वतः खोदलेल्या विहिरीचं.

"त्यांचंच का?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं गाणं बिघडलं तर त्या माणसाला वाईट वाटंल. ह्यांचं बिघडलं तर घरातल्या घरात मिटंल."

मी नेहमीच्या सवयीनं तारांवर बोटं पळवायला लागले. त्यांनी हात वर केला. "एवढं नको. मला श्वास घ्यायला जागा ठेवा." मग मी दोन सूर धरले, नंतर एकच. पुण्यात माझी मैत्रीण हेच सांगून दमली होती. दुसऱ्या कडव्यात एक ओळ उंच जायची. ती त्यांनी त्या दिवशी गायलीच नाही, नुसती बोलून दाखवली. "उद्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या.

पौर्णिमा

विहाराच्या अंगणात सतरंज्या होत्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. वंदना झाली. माईकसाठी चाकांचा एक मोठा स्पीकर होता, त्यात माझ्या गिटारच्या वायरची पिन बसली. पहिली तार छेडली तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी छातीवर हात ठेवला. "हितं वाजायलंय," त्या शेजारणीला म्हणाल्या.

दादारावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मागच्या ओळीत बसलेले होते. कांताबाई उठून माईकपाशी आल्या तेव्हा ते अर्धवट उठले आणि परत बसले.

ढोलकीवाल्यानं सावकाश ठेका धरला. कांताबाईंनी सुरुवात केली. तो खोल आवाज स्पीकरमधून अंगणावर पसरला आणि कुजबुज थांबली. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं, पण असं कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिलं कडवं नीट गेलं.

दुसऱ्या कडव्यात ती ओळ आली. त्यांनी वर जायचा प्रयत्न केला. आवाज चिरला, मग नुसती हवा आली, मग काहीच नाही. ढोलकी अडखळून बंद पडली. कांताबाई माईकसमोर तशाच उभ्या. मी मागे पाहायचं टाळलं. बोट तारेवरच होतं, ते उचलायचं धाडस झालं नाही, म्हणून मी तीच जाड तार वाजवत राहिले, सावकाश, एकामागून एक.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि ती ओळ पुन्हा घेतली, या वेळी खालून. चाल वर चढायची तिथे त्या एकेक सूर खाली उतरत गेल्या, माझ्या तारेपाशी येऊन थांबल्या. बायकांमधून कुणीतरी हुंकार दिला. ढोलकी परत सुरू झाली. गाणं पूर्ण झालं आणि बायकांनी त्यांना आपल्या मधे बसवून घेतलं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी पाणी देत होतं.

मी मागे पाहिलं. दादारावांची जागा रिकामी होती.

कांताबाईंनीही पाहिलं होतं. घर जवळ होतं, तरी त्या झपाझप पुढे निघाल्या. मी गिटार पाठीला लावून मागे चालत होते आणि मनात म्हणत होते, रानातलं सगळं आधीच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

घराचं दार उघडं होतं. मधल्या खोलीत दादाराव स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी ओढत होते. चादरीची धूळ त्यांच्या टोपीवर पडलेली. पेटी खाली ठेवून, पाठ आमच्याकडेच ठेवून ते म्हणाले,

"ती ओळ तू बदललीस."

"वर जात नव्हती," कांताबाई म्हणाल्या. "तुमची चाल मोडली. रागवा."

"त्या ओळीत दोर विहिरीत सोडायचा असतो," दादाराव म्हणाले. "तुझा आवाज वर जायचा, म्हणून मी ती वर नेली. गावानं टाळ्या दिल्या. आन् खाली सोडायचा दोर मी इतकी वर्षं आभाळात नेत होतो. मला रचणाऱ्याला कळलं न्हाई ते." त्यांनी टोपी काढून धूळ झटकली. "तिथं बसवंना मला. पेटी काढावी म्हणून आलो."

कांताबाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी उठून गेला होतात तुमी," त्या म्हणाल्या.

"रडायला गेलो होतो."

"मग तसं सांगायचं की, ओ," कांताबाई एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा तो जाड आवाज त्या एका शब्दावर पातळ झाला. मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच थांबले. तव्यावरची भाकरी कुणीतरी आधीच करून झाकून ठेवली होती. वेडीवाकडी, एका कडेला जळालेली. कांताबाईंची नक्कीच नव्हती.

सकाळी माझी गाडी होती. मी बॅग भरून बाहेर आले तर दादाराव अंगणात चटईवर पेटी घेऊन बसलेले, कांताबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. पेटीचे दोन सूर दमटपणानं बंद पडले होते, पण पांढरी तीन वाजत होती. बोटांना सवय काळी चारची, त्यामुळे दादाराव सारखे चुकत होते आणि कांताबाई मान न उचलता त्यांना सांगत होत्या, "तिथं न्हाई. खाली."

मग ते दुसऱ्या कडव्यापाशी आले. कांताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि ती ओळ गायल्या, नवऱ्यासमोर, सकाळच्या उजेडात, शेजारी ऐकतील एवढ्या मोकळ्या आवाजात. दादारावांचा हात भात्यावर तसाच थांबला. ते ऐकतच राहिले. गाडीचा हॉर्न फाट्यावर वाजला, मी जागची हलले नाही.

"थांबलाव काय?" कांताबाई म्हणाल्या. "वाजवा की."